आतल्या खोलीतला "मग?"

काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर आपल्या सोसायटीत काही बोलायची सोय आहे का? सकाळी सांगावं, दुपारी गच्चीवर पापड वाळत घालताना सगळ्यांच्या तोंडी. बसा. त्या आतल्या दाराकडं पाठ करून नको, इकडं बसा.

निशांत जाऊन तेव्हा महिना झाला असेल. सानपाड्याच्या या फ्लॅटमध्ये मी आणि त्याचा कॉम्प्युटर, दोघंच उरलो होतो. शुक्रवारी दुपारी तळोज्याहून केतनचा फोन आला. केतन तिथं एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. निशांतनं त्यांना एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. टाकी फार तापली की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. आणि मेला तोच वाजत नव्हता.

"मनालीवहिनी, काल टाकी तापली आन् भोंगा गप. टाकीवरचा शिवा पळाला म्हनून वाचला. सायेब सोमवारी परत चालू करतायत. पोरं टाकीपाशीच बसतात हो... दुसरा कोन हाय बघनारा?"

खरंच कोणी नव्हतं. पायथन ही भाषा तेव्हा इथं कुणाला ठाऊक? मी निशांतला चिडवायचे, "जगातली नावं संपली का रे? अजगर कशाला पाळलास घरात?" पण वाशीच्या क्लासमध्ये मी थोडं प्रोग्रॅमिंग शिकले होते, आणि ही भाषा तर मला ऐकून ऐकूनच आली. आमची पद्धतच तशी होती. प्रोग्रॅम अडला की तो एकेक ओळ मराठीत करून मोठ्यानं वाचायचा. मी भाजी निवडता निवडता म्हणायचे, "मग?" की पुढची ओळ. परत "मग?" ज्या "मग?"ला तो अडखळेल, तिथं चूक.

पडद्यावर ऊन येतं म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. भर दुपारी खोलीत अंधार. खाडीचा चिखलट वास कुठून तरी आत येतच होता आणि कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले.

"टाकीचं तापमान घे."

आतल्या खोलीतून आवाज आला, "मग?"

वाटलं, खालच्या मजल्यावरचा टीव्ही असेल. पुढची ओळ जरा हळू वाचली. "तापमापकाची तार तुटली असेल... तर तसा निरोप दे."

"मग?"

त्याचाच आवाज, काकू. सर्दी झाल्यासारखा, किंचित बसका. मी भिंत धरत आत गेले. खोली रिकामी होती. पण त्याच्या शर्टाचा वास येत होता, घाम आणि स्कूटरच्या पेट्रोलचा. मी किती हाका मारल्या! "निशांत... अरे बोल ना..." एकीलाही उत्तर नाही. परत येऊन ओळ वाचली, की लगेच "मग?"

चूक मला त्याच दुपारी सापडली. या भाषेत ओळ जरा आत सरकली की ती वरच्या ओळीच्या ताब्यात जाते. त्यानं बाकीच्या ओळी स्पेस देऊन सरकवल्या होत्या आणि एकच ओळ टॅबचं बटण दाबून. पडद्यावर ती अगदी जागच्या जागी दिसायची. पण मशीन टॅब मोठा धरतं, म्हणून "टाकी तापली का बघ" ही ओळ "तार तुटली असेल तर"च्या पोटात गेली. म्हणजे तार तुटली तरच टाकी बघायची! कसला वाजतोय भोंगा?

कळलं, आणि मी हात मागं घेतला. चूक काढली की वाचायचं संपलं. मग तो कशाला बोलेल? शनिवारभर वेडीसारखी पुन्हा पुन्हा वाचत बसले. घसा बसला. जेवण नाही, अंघोळ नाही. तो होता हो तिथं! मला एवढंच पुरे होतं.

रविवारी केतनचा परत फोन. "झालं का वहिनी? उद्या शिवाचीच पाळी हाय. त्याची बायको सारखी इचारते, भोंगा नीट झाला का म्हनून."

त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही. पण दारात उभी राहून वाट बघणारी बाई म्हणजे काय, ते मला सांगायला नको. टॅब पुसला, स्पेस दिल्या. खोटं तापमान घालून बघितलं. कॉम्प्युटर टिक् टिक् करून ओरडला. मी शेवटची ओळ वाचली, "भोंगा वाजव."

थांबले. आतून काही नाही. आग लागो त्या भोंग्याला, असं म्हणून मी ऊर फुटेस्तोवर रडले.

आणि मग मला काय सुचलं देव जाणे. वाचायला ओळी नव्हत्या, तर मी त्याची ती सकाळ वाचायला लागले. "तू अर्धा चहा तसाच ठेवलास..."

"मग?"

"मग स्कूटर काढलीस... मला हात केलास."

"मग?"

"बेलापूर रोडला टँकर आला..."

"मग?"

प्रत्येक ओळ नीट होती, काकू. एकीतही चूक सापडत नव्हती. आणि त्याला तर काहीच ठाऊक नव्हतं. लहान मूल गोष्ट ऐकतं तसा ऐकत होता. मी कसंबसं म्हटलं, "मग काही नाही रे राजा... मग तू गेलास."

अगदी हलकेच... "मग?"

माझ्याकडं पुढची ओळच नव्हती. पदर तोंडात कोंबून बसून राहिले. तेव्हा त्यानंच ती वाचली. प्रोग्रॅम वाचायच्या त्याच सुरात...

"मनालीनं दार उघडलं."

आतल्या खोलीचं दार तर उघडंच होतं! मी वळून बघितलं, तर लागलेलं. कडी आतून.

केतनचा भोंगा आता वाजतो. शिवा खुशाल आहे, मुलगी झाली त्याला. मी अजून त्या दाराला हात लावलेला नाही. पण खरं सांगू? मला उघडायचंय हो काकू... फार उघडायचंय. म्हणून तर हात आवरायला तुम्हाला रोज दुपारी चहाला बोलावते.

काल तुम्ही आला नाहीत. तेव्हा आतून कडी काढल्याचा आवाज आला.