टाकीचं झाकण आणि रोहिणी

दहा मीटरवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण दुर्बिणीतून लख्ख दिसतं, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारी तांबूस, ठळक रोहिणीची चांदणी मात्र त्याच दुर्बिणीत सापडत नाही. असं का व्हावं? एरवी शाल्मलीने हे कोडं मजेत सोडवलं असतं. आज तेवढा वेळ नव्हता.

सात वाजून अडतीस मिनिटं झाली होती. बरोबर सात चाळीसला रोहिणीच्या अगदी शेजारी 'टिटवी' यान आपलं प्रकाशशीड (सूर्यप्रकाशाच्या दाबावर यान पुढे ढकलणारा अवाढव्य चकचकीत पडदा) पृथ्वीकडे वळवणार होतं. मंगळाहून परतणाऱ्या या यानाचा रेडिओ नऊ दिवसांपूर्वी बंद पडला होता. अशा वेळी काय करायचं ते निघतानाच ठरलं होतं. दहाव्या दिवशी सात चाळीसला एकदा आणि आठ वाजता पुन्हा एकदा, जितकी माणसं जिवंत असतील तितक्या वेळा शीड चमकवायचं, वीस-वीस सेकंदांनी. यानावर चौघं होती आणि ज्याची चमक त्यानेच द्यायची होती: पहिली कप्तानाची, चौथी आणि शेवटची इंजिनिअरची. इंजिनिअर होती मुक्ता, शाल्मलीची आई. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पडदा पडल्यावर पोचणारी, पण पोचणारी हमखास.

मोठ्या वेधशाळांवर आज नेमके ढग होते. आकाश मोकळं असेल तिथल्या प्रत्येक हौशी दुर्बिणीला त्यांनी विनंती केली होती. पवनचक्क्यांच्या पठारावर चैत्रातलं आभाळ स्वच्छ होतं. शेजाऱ्यांनी कुणी न सांगता अंगणातले दिवे मालवले होते.

शाल्मलीजवळ स्टुलावर तात्या बसले होते, म्हणजे मुक्ताचे वडील. जन्म पवनचक्क्या दुरुस्त करण्यात गेलेला, आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुर्बिणीतलं सगळं कळत होतं, पण दिसत काहीच नव्हतं.

शाल्मलीने शोधकातून (मुख्य नळीच्या पाठीवर बसवलेली छोटी दुर्बीण, जिच्यात पुष्कळ आकाश एकदम मावतं) पाहिलं. रोहिणी त्यातल्या बारीक तारांच्या फुलीच्या मधोमध होती. तिने मुख्य नळीला डोळा लावला. नुसता काळोख. पुन्हा शोधक, पुन्हा फुली, पुन्हा काळोख.

सात बेचाळीस झाले.

"वेळ गेली, तात्या," ती रडवेली होऊन म्हणाली.

तात्या काठीवर रेलून पुढे वाकले. "रडायला आठनंतर वेळ हाय. आधी सांग, दुपारी शोधक कशावर जुळवलास?"

"समोरच्या टाकीच्या झाकणावर. दोन्हींत अगदी मधोमध आणलं होतं. दूरचं उन्हात थरथरत होतं, म्हणून जवळचं घेतलं."

"हं. आता अंगठा नाकासमोर धर. आधी एक डोळा मीट, मग दुसरा. काय होतं?"

"अंगठा इकडून तिकडे उडी मारतो."

"आणि त्या डोंगरावरच्या पवनचक्कीचा तांबडा दिवा?"

"तो जागचा हलत नाही." शाल्मली थांबली. "जवळची वस्तू दोन जागांवरून वेगवेगळी दिसते, तात्या. शोधक मुख्य नळीच्या दहा सेंटिमीटर वर आहे. दोघांना एकच झाकण दाखवायचं, तर शोधकाला मान खाली घालावी लागते."

"मग त्यांच्या नजरेच्या रेषा झाकणापाशी एकमेकींना छेदतात. आणि पुढं?"

"पुढे फाकत जातात." तिने दोन्ही तर्जन्या हवेत एकमेकींवर तिरक्या धरल्या. "आकाशात चूक किती होईल?"

"चंद्राच्या रुंदीहून थोडी जास्त. आपल्या मुख्य नळीत दिसतंच मुळी दीड चंद्राएवढं आभाळ, म्हणजे मधापासून कडेपर्यंत पाऊणच. मधोमध असायचा तारा कडेच्या बाहेर जाणार. शोधक नेहमी लांबच्या वस्तूवर जुळवायचा, म्हणजे दोन्ही नजरा जवळजवळ समांतर (कुठेच न भेटणाऱ्या) होतात. ऊठ, तो दिवा धर."

सहा किलोमीटरवरचा दिवा मुख्य नळीत यायला सात मिनिटं लागली. मग तिने शोधकाचे स्क्रू एकेक करून फिरवले आणि तोच दिवा फुलीवर आणला. नळी रोहिणीकडे वळवली, डोळा लावला. नारिंगी ठिणगी मधोमध उभी होती. सात एकोणसाठ.

"आता हात काढ. नळी थरथरली तर सगळं मुसळ केरात," तात्या म्हणाले. "पण ध्यानात ठेव, पृथ्वी फिरतीय. तारा कडेकडं सरकणार."

आठ वाजले. रोहिणीशेजारी एक पांढरा ठिपका पेटला आणि विझला.

"एक," शाल्मली म्हणाली. वीस सेकंद मोजले. "दोन." रोहिणी कडेला टेकत होती. "तीन. तात्या, रोहिणी बाहेर चाललीय."

"श्वास सोड. मग एका बोटाने ढकल."

तिने ढकललं. सगळं आकाश थरथरलं, सावकाश स्थिर झालं. रोहिणी पुन्हा मध्ये आली. अठरा. एकोणीस. वीस.

काहीच नाही.

एकवीस. बावीस. शाल्मलीला पापणी मिटायची भीती वाटत होती. चोवीस. पंचवीस.

ठिपका पेटला, आधीच्या तिन्हींहून जरा जास्त वेळ राहिला, आणि विझला.

"चार," ती कशीबशी म्हणाली. "पण पाच सेकंद उशिरा."

तात्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "म्हणजे मुक्ताच ती. दुसरं कुणी न्हाई."

वीस दिवसांनी यान उतरणार होतं. तोवर दुर्बीण अंगणातच राहणार होती, आणि टाकीकडे तिचं तोंड पुन्हा कधी वळणार नव्हतं. शाल्मलीने वेधशाळेला फोन लावला. "चार चमका," ती म्हणाली. "चौथी पाच सेकंद उशिरा आली. तेही लिहून ठेवा."