मागे पडलेल्यांसाठी थांबतात

एमेट मला पहिल्यांदा दिसला तो ओढ्याच्या वळणावर. घोड्यावर पुढ्यात आमचं वासरू आडवं घातलेलं, आणि दोघंही चिखलानं माखलेले.

"तुमचाच का हा स्ट्रॅगलर?"

"आमची गुरं रेंगाळतात, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छे हो! हे एकटंच रेंगाळलं. बरं झालं रेंगाळलं..."

असा काही हसला की लगाम कुठल्या हातात धरलाय तेच मला सुचेना. वर शिकवायलाही लागला! "स्ट्रॅगलर म्हणजे हरवलेला नव्हे. त्याची वाट कळपाचीच असते, फक्त तो मागे पडतो. हरवलेल्याला शोधायला जातात, याच्यासाठी थांबतात." मोंटानाच्या रँचवर जन्मलेल्या मला, टोरीला, तो या शब्दाचा अर्थ सांगत होता. आणि मी मुकाट ऐकत होते!

मग वसंतभर तो काही ना काही निमित्तानं आमच्या कुंपणाशी येत राहिला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

जूनमध्ये गुरं डोंगरावरच्या कुरणात न्यायची होती. शेजारी मदतीला आले, बाबांनी जागा वाटून दिल्या. मी नेहमीप्रमाणे कळपाच्या शेपटाला, तोंडावर रुमाल बांधून धूळ खात. एमेट सगळ्यात पुढे, आणि त्याच्या शेजारी डार्सी. डोंगरापलीकडच्या मोठ्या रँचमालकाची लाडकी लेक. मदतीला आलेल्या तिच्या बाबांनी त्याला उन्हाळाभराचं काम देऊ केलं होतं, संध्याकाळपर्यंत त्यानं उत्तर द्यायचं होतं. 'हो' म्हणाला की गेला तो डोंगरापलीकडे!

धुळीतूनही तिचा लाल स्कार्फ दिसत होता. हसू तर शेपटापर्यंत ऐकू येत होतं. इतकं काय हसायचं गुरांपुढे? माझा नुसता जळफळाट झाला.

दुपारी कॉटनवूडच्या झाडाच्या सावलीत जेवायला थांबलो. डार्सीनं आपल्या हातानं त्याला हकलबेरी-पाय, म्हणजे रानबेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, भरवला, आणि हा खुशाल खात होता! मी त्याच्यासाठी आणलेली आल्याची बिस्किटं पिशवीतच राहू दिली.

"टोरी, गप्प का?"

"धूळ गेलीय घशात. तू जा पुढे, तिथंच शोभतोस."

"बरं... जातो." आणि खरंच गेला. थांबला नाही!

तासाभरानं एक गाय हंबरायला लागली. तिचं वासरू नव्हतं. शेवटचं जिथं दूध प्यायलं, तिथंच ते परत जाणार, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मी घोडा मागे वळवला. वासरू कॉटनवूडखाली उभं होतं, बावरलेलं. त्याला बघून मलाच रडू फुटलं.

मागून टापा वाजल्या. एमेट! धुळीनं पांढरा झालेला.

"पुढचं कोण सांभाळतंय?" मी डोळे पुसत विचारलं.

"डार्सी आहे की. ती हुशार आहे."

"मग तिच्याकडेच जायचंस ना!"

"टोरी... तू किती जळतेस गं!"

"जळते! पुढे काय म्हणणं आहे तुझं?"

तो घोड्यावरून उतरला. "तिच्या बाबांना 'नाही' सांगून आलो. मागे वळून पाहिलं, तर शेपटाला तू नव्हतीस... मग पुढे जाववेना. आपण शेवटचे इथंच बोललो होतो, म्हणून इथंच आलो." थोडा घुटमळला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता तरी काही खायला देशील? सकाळपासून तुझी पिशवी दरवळतेय."

"तिचा हकलबेरी-पाय खाल्लास की!"

"तिनं तोंडात कोंबला. थुंकणार होतो का?"

मी पिशवी त्याच्या हातात दिली. एकही बिस्किट कुणाला दिलं नव्हतं.

वासरू पुढ्यात घेऊन आम्ही निघालो, अगदी सावकाश. चढावर कळप थांबला होता. वरून डार्सीनं हाक मारली, "मागे कोण राहिलंय?"

मी एमेटचा हात धरला, तिला दिसेल असा उंच केला आणि मुद्दाम मोठ्यानं ओरडले, "आम्ही!"