कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधला आवाज

भंगाराचा टेम्पो दुपारी येणार होता. त्याआधी कोपऱ्यातला कॉम्प्युटर चालू करायचा होता.

तेजस्वीनं आईच्या किल्लीनं काकतीच्या वाचनालयाचं मागचं दार उघडलं. तिची मैत्रीण अक्षरा आणि अक्षराचा धाकटा भाऊ प्रशिक तिच्या मागोमाग आत शिरले. दसऱ्याची सुट्टी होती, त्यामुळे वाचनालयात कुणीच नव्हतं.

मागच्या खोलीत तीन जुने कॉम्प्युटर होते. तेजस्वीच्या आईनं, शालू आक्कांनी, ते बऱ्याच वर्षांपूर्वी बेळगावच्या एका ऑफिसातून मागून आणले होते. आक्का वाचनालय सांभाळायच्या. लहान मुलांसाठी गोष्टी वाचून त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायच्या. तिन्ही कॉम्प्युटर केबलनं एकमेकांना जोडलेले होते, म्हणून कुठल्याही कॉम्प्युटरवर बसून त्या गोष्टी ऐकता यायच्या. गेल्या वर्षी आक्का वारल्या. घरी त्यांचे फोटो होते, पण आवाज फक्त इथं होता.

खंडेनवमीला तिन्ही मशीन चालत होती. दसरा झाला आणि नागेंद्र अण्णानं वाचनालयाच्या समितीला सांगितलं की तिन्हीचे मदरबोर्ड गेलेत, भंगारात द्या. त्याचं बेळगावात दुरुस्तीचं दुकान होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीचे पहिले धडे त्याला शालू आक्कांनीच दिले होते, आणि पुढं त्यानं ते या तिघांना शिकवले होते. त्याचा शब्द कुणी मोडला नाही. आईच्या गोष्टी तेवढ्या काढून दे, असं तेजस्वीनं त्याला विनवलं होतं. बाहेरूनच कळतंय, डिस्कही जळलीय, खोलायचीसुद्धा गरज नाही, असं तो म्हणाला होता.

"अण्णा म्हणतोय म्हणजे गेलंच असणार," तेजस्वी म्हणाली. "पण एकदा बघू."

"त्यानंच शिकवलंय, आधी वायरी बघायच्या," अक्षरा म्हणाली आणि टेबलाखाली शिरली.

वायरी ठीक होत्या. बटण दाबल्यावर कोपऱ्यातल्या मशीनचा पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि आतून लांब शिट्ट्या येऊ लागल्या. मधल्या मशीनचंही तेच झालं. दाराजवळचं मात्र सरळ सुरू झालं.

"मेलेलं मशीन शिट्टी कशाला मारंल?" प्रशिक म्हणाला.

अशी शिट्टी म्हणजे रॅम सापडत नाही, हेही अण्णानंच शिकवलं होतं. अक्षरानं बटण बंद केलं, वायर काढली आणि कोपऱ्यातलं मशीन उजेडात ओढलं. मग ती तिथंच थांबली.

"तेजू, खंडेनवमीला कुंकू तू लावलंस ना?"

तेजस्वीनंच लावलं होतं. आई लावायची तसंच, मशीनच्या डब्याच्या कडेपासून बाजूच्या झाकणापर्यंत एकच लांब बोट ओढून. आता ते कुंकू मधेच तुटलं होतं. अर्धं कडेवर होतं आणि झाकणावरचं अर्धं खाली सरकलं होतं. मधल्या मशीनवरही तसंच. दाराजवळच्या मशीनवर मात्र ते अखंड होतं.

"पूजेनंतर ही दोन कुणीतरी उघडलीत," अक्षरा हळू म्हणाली.

"आपल्याशिवाय फक्त अण्णाकडंच किल्ली हाय," प्रशिक म्हणाला.

तेजस्वी त्याच्यावर चिडली. अण्णा आईच्या हाताखाली वाढलाय, तो असं करणार नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं. अक्षरानं झाकण काढलं. रॅमच्या दोन्ही खाचा रिकाम्या होत्या. मॉनिटर जोडायच्या सॉकेटचं तोंड तुटलं होतं, कुणीतरी वायर घाईनं ओढली असावी. डिस्क मात्र जागेवर होती. तेजस्वीनं त्या रिकाम्या खाचांवरून बोट फिरवलं.

"दाराजवळच्यात रॅमच्या दोन पट्ट्या असतील," ती शेवटी म्हणाली. "एक काढू."

तिनं अंगातली वीज उतरवायला आधी लोखंडी डब्याला हात लावला, मग दाराजवळचं मशीन बंद करून त्यातली एक पट्टी काढली आणि कोपऱ्यातल्या मशीनमध्ये बसवली. तरीही शिट्ट्या आल्या. प्रशिकनं खिशातून खोडरबर काढला. पट्टीची सोनेरी कड घासून, फुंकून तेजस्वीनं ती पुन्हा दाबून बसवली. या वेळी एकच छोटी शिट्टी वाजली आणि आत डिस्क कुरकुरायला लागली.

सॉकेट तुटल्यामुळे पडद्यावर काही दिसणार नव्हतं. पण मशीन आतून जागं होतं. मग दाराजवळचं मशीन पुन्हा चालू करून, तिथून केबलवाटे त्याच्या आत शिरायचं ठरलं. केबली जिथं एकत्र येतात त्या पेटीवर कोपऱ्यातल्या मशीनचा दिवा मात्र विझलेला होता. केबलच्या टोकाची प्लास्टिकची जीभ मोडल्यामुळे ती सारखी निसटत होती. प्रशिकनं ती अंगठ्यानं दाबून धरली. दिवा हिरवा लुकलुकायला लागला.

"मी सोडली तर?" त्यानं विचारलं.

"मग आम्ही तुला सोडणार न्हाय," अक्षरा म्हणाली.

दाराजवळच्या पडद्यावर 'शालू' नावाचा फोल्डर दिसला. सगळ्या गोष्टी त्यात होत्या. अक्षरानं आधी त्या या मशीनवर कॉपी केल्या. प्रशिकचा अंगठा सुन्न झाला, पण त्यानं केबल सोडली नाही.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. समितीचे रवळू आप्पा आणि नागेंद्र अण्णा आत आले. त्यांच्यामागं सामान उचलायला तेजस्वीचे वडील भरमू होते. मुलांना बघून अण्णाचा चेहरा उतरला.

"अण्णा, कोपऱ्यातलं मशीन मेलंय ना?" तेजस्वीनं विचारलं.

"व्हय की गं. सांगितलं न्हाय का?"

"खोलून बघितलंस?"

"न्हाय म्हटलं की."

तेजस्वीनं कॉपी केलेली नाही, तर कोपऱ्यातल्या मशीनच्या फोल्डरमधलीच एक गोष्ट लावली. खोलीत शालू आक्कांचा आवाज घुमला. भरमू दारातच थांबले. हा आवाज दाराजवळच्या मशीनमधून येतोय, असं अण्णा घाईघाईनं सांगू लागला. अक्षरानं खूण केली, तशी प्रशिकनं केबल सोडली. थोड्या वेळात आवाज बंद पडला. त्यानं केबल पुन्हा दाबली, तेजस्वीनं गोष्ट पुन्हा लावली आणि आवाज परत आला. मग अक्षरानं आप्पांना तुटलेलं कुंकू आणि मधल्या मशीनचं झाकण काढून आतल्या रिकाम्या खाचा दाखवल्या.

जुन्या पट्ट्या आता बाजारात मिळत नाहीत, गिऱ्हाईक मागतात, इथं तर ही मशीन कुणी वापरत नाही, असं अण्णा पुटपुटला.

"आम्ही वापरतो," तेजस्वी म्हणाली. "आणि आईचा आवाज तेवढा दे म्हणून मी तुलाच विचारलं होतं. दुसऱ्या कुणाला न्हाय."

गोष्ट चालूच होती. मधेच आक्का थांबल्या आणि म्हणाल्या, "नागेंद्र, पंखा बंद कर रं. आवाज येतोय त्याचा." पाठोपाठ एका पोराचा आवाज आला, "व्हय आक्का," आणि पंख्याची घरघर थांबली.

अण्णानं पिशवीतून पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या आणि कुणाकडं न बघता तो बाहेर गेला. टेम्पो रिकामाच परत फिरला. आप्पांनी बाहेर जाऊन अण्णाकडची किल्ली काढून घेतली. समितीतल्या मोठ्या माणसांना जे सुचलं नाही ते तुम्ही पोरांनी केलंत, असं म्हणून त्यांनी तिघांची पाठ थोपटली आणि उद्यापासून ही खोली तुमच्या ताब्यात, असं सांगितलं. प्रशिक खूश झाला. तेजस्वीला हसू आलं नाही. अण्णाचा तो पोरगेला आवाज तिच्या कानातून जात नव्हता.

तिनं गोष्ट बंद करायला हात पुढं केला. भरमू लहान मुलांच्या बाकावर येऊन बसले होते.

"राहू दे गं," ते म्हणाले. "पुढं काय झालं ते ऐकू दे."