दुसऱ्यांच्या गळ्यातली गाणी

पोस्टमन दामोदरननं पाकीट पुढं केलं, पण नजर मात्र अंगणातल्या फणसाकडं वळवली.

"आलिकोयाक्का... परत आलंय हो."

पाकिटावरचा पत्ता आलिकोयांच्याच हातचा होता. रम्ला, सैदलवी मास्तरांचं घर, तिरूर. आणि त्या पत्त्यावर तिरकी रेघ ओढून खाली दोनच शब्द लिहिले होते : ‘घेण्यास नकार’. लिहिणारा हात ओळखायला आलिकोयांना चष्मा लागला नाही. त्या अक्षराला वळण त्यांनीच लावलं होतं, चिमुकली बोटं आपल्या मुठीत धरून, पाटीवर!

"चहा घेतोस?" त्यांनी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"नको इक्का, अजून निम्मी आळी राहिलीय." दामोदरन दोन पावलं गेला, पुन्हा वळला. "लेकच आहे ना... आज रागावली, उद्या घेईल."

आलिकोया हसले. पण तो सायकलवर टांग टाकून दिसेनासा झाल्यावरही ते दारातच उभे राहिले... आत जायचं तरी कुणाकडं? बेपूरच्या त्या दोन खोल्यांत आता एका माणसाचा भात शिजत होता, एकच पेला विसळला जात होता आणि शुक्रवारच्या नमाजाहून परतल्यावर ‘आलात का?’ असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तिरूर काही सातासमुद्रापार नव्हतं! आगगाडीनं जेमतेम तासाभराची वाट. पण तो एक तास ओलांडायला गेली दोन वर्षं त्यांना धीर झाला नव्हता, आणि म्हणून लेकीसाठी जमवलेली गाणी त्यांनी टपालानं पाठवली होती.

चौदा गाणी होती ती. दोन महिने खपून त्यांनी भरली होती. कोळिकोडच्या बाजारात त्यांचं कॅसेटी भरून देण्याचं छोटंसं दुकान होतं. लोक चिठ्ठीवर गाण्यांची यादी लिहून आणत आणि आलिकोया ती एकामागोमाग एक भरून देत. बायको, कदीजा, वारल्यावर दुकान त्यांनी सोडलं, एक जुनं यंत्र तेवढं घरी आणलं. त्याच यंत्रावर त्यांनी एकसारख्या दोन कॅसेटी भरल्या. एक शारजाला नवऱ्याबरोबर राहणाऱ्या धाकट्या मैमूनाला, एक थोरल्या रम्लाला. त्यांत काय नव्हतं! लग्नातलं ओप्पनाचं गाणं होतं, बेपूरच्या खलाशांचं जहाज ओढतानाचं गाणं होतं, जुन्या नाटकातलं मोर्चाचं पद होतं, एक तमिळ सिनेमातलं, एक उर्दू गझल, आखातातून कुणीतरी आणलेलं लांबलचक अरबी गाणं आणि कोट्टयमच्या एका चर्चमधल्या बायकांनी म्हटलेली प्रार्थनासुद्धा.

मुली लहान असताना दर शुक्रवारी दुपारी ते अशीच एक कॅसेट भरून आणत. चटईवर दोघी पालथ्या पडून, हनुवट्या तळहातांवर टेकवून ऐकत राहायच्या.

"उप्पा, हे काय हो?" एकदा रम्ला खदखदून हसली होती. "आत्ता तर जहाज ओढत होते, आणि लगेच अंगाई?"

"दमले ना गं बिचारे! झोपायला नको?"

एका जातीची गाणी एका रांगेत लावायची नाहीत, हा त्यांचा नेमच होता. एकाच चवीनं जशी जीभ विटते, तसा कानही विटतो, असं ते म्हणत. आणि प्रत्येक कॅसेटच्या शेवटी एक गाणं त्यांच्या स्वतःच्या गळ्यातलं असे. तेव्हा आलिकोया गात असत! सगळ्या किनारपट्टीवर लग्न ठरलं की आधी मांडववाल्याला नि लगोलग आलिकोयांना निरोप जाई. रम्ला तर सातव्या वर्षापासून सांगत सुटलेली, "माझ्या लग्नात माझे उप्पाच गाणार. दुसरं कुणी गायलं तर मी निकाहला हो म्हणणार नाही!"

तिचं लग्न ठरलं ते तिच्या मनासारखं. शाळेतल्या सैदलवी मास्तरावर तिचा जीव जडला होता आणि मुलगा खरोखर सोन्यासारखा होता. पण त्या घरात शब्द चाले तो मास्तरांच्या थोरल्या चुलत्याचा, बीरान हाजींचा. लग्नाच्या आठ दिवस आधी ते दुकानात आले. बसायला दिलेल्या स्टुलावर बसलेदेखील नाहीत.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. लेक म्हणून नेऊ. पण सुनेचा बाप लोकांच्या मांडवात भाड्यानं गातो, हे माझ्या दारात कुणी बोललेलं मला चालणार नाही. आजपासून गळा बंद. लग्नातही नाही, घरातही नाही, पुढं कधीच नाही. आणि हे मी बोललो, ते मुलीच्या कानावर जाता कामा नये. पटत असेल तर शब्द द्या. नसेल तर पोराला मी समजावतो."

आलिकोयांच्या डोळ्यांपुढं रम्लाचा चेहरा उभा राहिला... मास्तरांचं नाव निघालं की फुलून येणारा, लाजेनं आरक्त झालेला तो चेहरा! त्यांनी हाजींच्या हातावर हात ठेवला. लेकीच्या संसाराला साक्ष ठेवून शब्द दिला.

हे कळलं फक्त कदीजाला. पदर डोळ्यांना लावत ती म्हणाली, "लेकीला तुम्ही नाही म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण स्वतःला किती सहज नाही म्हणालात हो!"

लग्नाच्या दिवशी ओप्पनाला नवरीभोवती बसलेल्या बायकांनी एकच कालवा केला, "उप्पांना बोलवा! नवरीच्या उप्पांनी सुरुवात करायची!" आणि जरीच्या ओढणीआडून दोन डोळे दाराकडं लागले... आलिकोया म्हणाले, "घसा बसलाय गं," आणि परसात जाऊन बिर्याणीच्या हंड्यांपाशी उभे राहिले. धुरानं डोळ्यांत पाणी येतं, ही तेवढी सोय होती तिथं!

त्या दिवसापासून ते गायले नाहीत. विचारणाऱ्यांना ‘कंटाळा आला’ म्हणून सांगत. रम्लाच्या अंतःकरणात तो काटा खोल रुतून बसला. शंभर परक्या पोरींच्या लग्नात गाणाऱ्या बापाला नेमका आपल्याच लग्नापासून कंटाळा यावा!

तरी ती येत-जात होती, बोलत होती. सगळं तुटलं ते कदीजाच्या शेवटच्या दिवशी. कदीजाची वाचा गेली होती, डावं अंग लुळं पडलं होतं. श्वास अडखळू लागला तशी रम्लानं बापाचा हात धरला.

"उप्पा, उम्मासाठी एक ओळ म्हणा... तिला तुमचं गाणं किती आवडायचं! फक्त एक ओळ हो!"

आलिकोयांचे ओठ विलगलेसुद्धा. शब्द, संसार, साक्ष, सगळं त्या क्षणी वाहून जाणार होतं... तेवढ्यात कदीजाचा जिवंत असलेला उजवा हात त्यांच्या मनगटावर आवळला गेला. तिचे डोळे सांगत होते, ‘नको. लेकीचं घर आहे...’ आणि आलिकोयांनी मान फिरवली, हात लांबवून उशाशी ठेवलेल्या टेपचं बटण दाबलं. कुण्या अनोळखी गायकाचा आवाज खोलीत भरून राहिला.

रम्ला ताडकन उठली.

"बंद करा ते! माझ्या उम्मानं परक्या माणसाच्या आवाजात जायचं? माझ्या लग्नात परसात जाऊन उभे राहिलात, ते गिळलं मी... पण आता? तुमच्या छातीत काळीज आहे की हे यंत्रच बसवलंय?"

ती तरातरा खोलीबाहेर निघून गेली. कदीजाचा चाळिसावा दिवस झाला आणि रम्ला तिरूरला गेली, ती पुन्हा या घराची पायरी चढली नाही.

पाकीट परत आल्याला आठवडा झाला असेल, तेव्हा मैमूना शारजाहून सुट्टीवर आली. ती आली की घरात चार माणसं आल्यासारखी वाटत.

"कॅसेट ऐकलीस का गं?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"ऐकते ना! म्हणजे... अर्धी झाली की पोरं टीव्ही लावतात. पण ते जहाजवाल्यांचं गाणं लागलं की मीसुद्धा जोर लावते. भांडी लवकर घासून होतात!" हसता हसता तिची नजर तांदळाच्या डब्यावर ठेवलेल्या पाकिटाकडं गेली. तिनं ते उचललं, वाचलं, आणि तिचं हसू मावळलं.

"मोळे, राहू दे ते, पोरी."

"राहू दे कसं? उद्या मी रम्ला इत्ताकडं चाललेय. बघतेच माझ्या हातून कशी घेत नाही ती!"

दुसरा दिवस आलिकोयांना फार लांब गेला. त्यांनी बाजारातून मत्ती मासळी आणली, चिंच घालून कालवण केलं, मैमूना परत येईल म्हणून झाकून ठेवलं. अकरा वाजता झाकण उघडून पाहिलं, पुन्हा झाकलं. बारा वाजता परत तेच. मैमूनाला जाऊच दिलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटू लागलं. रम्लानं टपालाला नकार दिला होता, आता बहिणीलाही दिला तर... निदान एक लेक तरी दुसरीला धरून राहायला हवी होती! आपल्यामागं या दोघींना एकमेकींशिवाय कोण होतं?

चारच्या सुमाराला फाटक वाजलं. मैमूना एकटी नव्हती.

रम्ला अंगणात थांबली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. दोन वर्षांत तिच्या कानशिलांवर चंदेरी छटा आली होती... आलिकोयांच्या काळजात कळ उठली. लेक म्हातारी होताना पाहायचंही आपल्या वाट्याला आलं नाही!

"उप्पा," ती म्हणाली, "तुम्ही बीरान हाजींना शब्द दिला होता?"

आलिकोयांनी दाराची चौकट धरली.

"कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले! ही बया स्वयंपाकघरात तुमची कॅसेट लावून बसली. हाजी आता ओसरीवरच पडून असतात, डोळ्यांनी दिसत नाही त्यांना. गाणी ऐकली नि विचारलं, ‘कोण गातंय?’ मी म्हटलं, उप्पांनी जमवलेली जुनी गाणी आहेत. तर म्हणाले, ‘मग आलिकोया स्वतः कधी गाणार?’ मी म्हटलं, ते कुठं गातात! माझ्या लग्नापासून गळा मिटून बसलेत. तसे ते उठून बसले उप्पा. म्हणाले, ‘अजून? अल्लाह... अजून पाळतोय तो? मी तर विसरूनही गेलो होतो!’"

विसरूनही गेलो होतो!

आलिकोया मटकन उंबऱ्यावर बसले. अकरा वर्षं! ज्या शब्दाला पहारेकरी होऊन ते अकरा वर्षं उभे होते, ज्याच्यापायी कदीजाला निःशब्द निरोप दिला, तो शब्द मागणाऱ्याच्या ध्यानातही उरला नव्हता... त्यांना राग आला नाही. फक्त अफाट, रिकामं, एकाकी वाटलं. सगळे केव्हाच घरी निघून गेलेल्या मांडवात आपणच तेवढे बसून राहिलो होतो जणू!

रम्ला त्यांच्या पायांशी कोसळली.

"मला का नाही सांगितलंत? एकदा तरी सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तू त्या घरात राहिली असतीस?"

"नसते राहिले!"

"म्हणून नाही सांगितलं, मोळे."

रम्लानं त्यांच्या गुडघ्यांवर कपाळ टेकलं. हुंदके आवरेनात. मग अचानक तिनं मान वर केली, आणि तिच्या नजरेत असं काही उमटलं की मैमूनाही तोंड फिरवून रडू लागली.

"उम्माला... माहीत होतं?"

आलिकोयांनी हळूच मान हलवली.

"आणि तिच्यासमोर मी तुम्हाला तसं बोलले! तिच्या शेवटच्या घटकेला तिच्या कानांवर माझे ते शब्द... उप्पा, मी काय केलं हे!"

"ती रागावली नव्हती गं. तिनं माझं मनगट धरलं होतं, आठवतं? तुझ्यासाठीच धरलं होतं. तू बाहेर गेल्यावरही तिनं ते सोडलं नाही... अगदी शेवटपर्यंत."

मग मैमूनानं नाक पुसलं, आत जाऊन पाणी आणलं आणि डोळ्यांनीच बहिणीला खुणावलं. रम्लानं बापाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"हाजींनी सांगितलंय, शब्द सुटला. स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. आता म्हणा ना... काहीही म्हणा."

आलिकोयांनी घसा खाकरला. डोळे मिटले. पहिला स्वर लावला, आणि तो लागलाच नाही! कोरडा, चिरका, दूरच्या कुठल्याशा म्हाताऱ्याचा आवाज बाहेर पडला आणि खोकल्यात विरून गेला. त्यांनी पुन्हा यत्न केला. पुन्हा तेच. मग त्यांनी लेकींकडं पाहिलं आणि ओशाळल्यागत हसले.

"नाही होत गं. बंद घराचं कुलूप आहे... गंजलंय. आता तुम्हाला दुसऱ्यांच्या गळ्यातलीच गाणी ऐकावी लागणार."

रम्लाचा चेहरा क्षणभर पिळवटून निघाला. पण ती रडली नाही. उठली, कोपऱ्यातल्या फळीवरून दुकानातली एक कोरी राहिलेली वही घेतली, पेन शोधलं आणि बापासमोर मांडी घालून बसली. मैमूना तिच्या खांद्यावरून डोकावू लागली.

"मग नुसते शब्द सांगा. जी तुम्ही गायचात ती. सगळी. चाल आम्हाला पाठ आहे, शब्दच विसरलेत."

"इत्ता, तुला शेवटची गाडी नाही का पकडायची?" मैमूनानं विचारलं.

"गाडी रोज असते," रम्ला म्हणाली. "मास्तरांना फोन केलाय. मी राहतेय आज."

आलिकोया सांगू लागले. सुराशिवाय, साध्या बोलण्यासारखं... वराची नाव खाडीतून येते ती ओळ, नवरीच्या हातची मेंदी, वाट पाहणाऱ्या आईच्या काळजाची ओळ. इतकी वर्षं कोंडून राहिलेले शब्द एकदम सुटले होते, एकमेकांवर आदळत होते, आणि रम्लाचं पेन धापा टाकत त्यांच्यामागं धावत होतं.

"अहो थांबा, थांबा!" तिनं हात वर केला. "किती भरभर सांगता उप्पा! पुन्हा सांगा. हळू."

आलिकोया थांबले. थांबा म्हणणारं माणूस या घरात आज दोन वर्षांनी बोलत होतं. त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून, अगदी सावकाश, पुन्हा सुरुवात केली.