शिंप्याची खुर्ची

शपथेवर सांगते पोरींनो, यातला शब्द न् शब्द खरा. खोटं निघालं तर ही कवळी आत्ता तुमच्या मांडीत पडो!

साखरेसाठी डॉक्टरीणबाईंनी मला आठवड्याला एक इंजेक्शन लावून दिलं होतं. साखर आली ताब्यात, वजनही उतरलं, भूक मात्र पार पळाली. दोन घासांत पोट बास म्हणायचं. मी खूश. अडुसष्टाव्या वर्षी कंबर दिसायला लागली होती! मग एका दुपारी दवाखान्यातून निघाले आणि भर रस्त्यात पँट निघाली की खाली... दोन्ही हातांनी धरली आणि समोर दिसलं त्या दारात घुसले. दुकान शिंप्याचं निघालं.

विधुर माणूस, पांढऱ्या मिशा, गळ्यात टेप. हसला नाही, नुसत्या मिशा हलल्या.

"सावकाश बसा," म्हणाला. "पळून कुठं जातेय ती."

पँट तर आवळून घेतलीच, वर एक कोटही शिवायला टाकला. उगाच.

महिन्यानं घालून बघितला, तर दंडात सैल. मास्तर चक्रावले. टेप जुनी, ताणली असणार म्हणून तिलाच दोष दिला, नवी आणली. पुन्हा मोजलं. बोटं दंडावर जरा जास्तच रेंगाळली, मीही हात काढून घेतला नाही.

"कंबर गेली ते समजलं," ते हळूच म्हणाले. "पण दंड कुठं चाललाय तुमचा?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मग कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगून टाकलं. त्या आठवड्यात एकदा खुर्चीतून उठताच येईना, तासभर तशीच बसून होते. मुलाला कळलं असतं तर माझं एकटीचं घर संपलं असतं.

मास्तरांनी तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चरबीबरोबर ताकदही झडते, या वयात ती जपावी लागते. डोस कमी केला, डाळी-अंडी खायला लावली, आणि हात न टेकता खुर्चीतून ऊठबस करायला सांगितली.

ती मी दुकानातच करायचे. ते काजं करत मोजायचे.

"दहा झाल्या की एक विचारायचंय," म्हणाले.

"आत्ताच विचारा की."

"अंहं. दहा."

झालं! चौकशीखोर बाई मी, झोप उडाली माझी. पहिल्या दिवशी तीन, मग पाच. सहावीला पाय लटपटायचे, पण काय विचारणार असेल हा... म्हणून उठायचे.

दीड महिन्यानं दहा झाल्या. मी धापा टाकत उभी. मास्तरांनी सुई बाजूला ठेवली, दुसरी खुर्ची आपल्या खुर्चीला लावली.

"आता बसा," म्हणाले. "इथंच. रोज."

बसले.

बरं, कवळी सांभाळायला हवी, म्हणून सांगते. दहा काही झाल्या नव्हत्या. आठच झाल्या होत्या. सुताएवढी चूक न करणारा माणूस, आठवरून सरळ दहावर गेला.