शलमोनमास्तरांच्या उजवीकडची जागा

"आराधना, माझ्या जागंवर पायवाट केलीया गं!"

फोनवर सिल्व्हियाबाईंचा आवाज इतका बारीक होता, की आराधनाला आधी वाटलं, औषधाची गुंगी असेल. डॉक्टरांनी तर हात टेकले होते. बाईंचं आता एकच मागणं उरलं होतं, कबरस्तानात नवऱ्याच्या, शलमोनमास्तरांच्या उजवीकडची जागा. डावीकडे मास्तरांची पहिली बायको कधीच विसावली होती.

आराधनाने मोबाईलवर कबरस्तानाचं ॲप उघडलं. जागा क्रमांक अठ्ठेचाळीस. बाईंच्या नावाऐवजी एकच शब्द होता, 'पायवाट'.

सोनईजवळच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीसाठी कबरींच्या नोंदींचं ॲप तिनेच बनवलं होतं. नवी नोंद आधी मसुद्यात राहायची, आणि मसुदा फक्त चर्चच्या ऑफिसात दिसायचा. ठरलेली लग्नं उपासनेत तीन रविवार जाहीर करतात, तसा तो तीन रविवार वाचला जायचा. कुणाची हरकत नसली की सेक्रेटरी 'प्रसिद्ध करा' दाबणार आणि नोंद सगळ्यांच्या मोबाईलवर जाणार. तिन्ही रविवारी बाईंचं नाव आराधनाने आपल्या कानांनी ऐकलं होतं.

तिने सेक्रेटरी एडविनकाकांना गाठलं.

"बटण कधी दाबलंत?"

"मंगळवारी दुपारी."

"दाबण्याआधी मसुदा पाहिलात?"

"तीनदा वाचलेलं चौथ्यांदा कोण बघतं?"

"रविवारनंतर ऑफिसात कोण आलं होतं?"

"सोमवारी बिभीषण आला, किल्ली ठेवायला. आणि जॉय, गाण्यांचे कागद छापायला."

पासवर्ड कॉम्प्युटरवरच चिकटवलेला. शहाणपणाची कमालच म्हणायची!

कबरी खोदणारा बिभीषण तर उखडलाच. "पायवाट? तिथून कधी शेळी बी गेली न्हाई. आन ताई, मला ते कंप्युटर चालू तरी करता येतंय का?"

उरली जॉय. मास्तरांच्या पहिल्या बायकोची मुलगी. चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून सिल्व्हियाबाईंनीच तिला वाढवलेलं. आता बाईंचं सगळं तीच करत होती. बाईंची चादर वाळत घालता घालता तिने मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे आराधनाला सलाम केला.

"मलाही वाईट वाटलं गं. पण पेटी न्यायला चार फुटांची वाट सोडायलाच लागते. मम्मीला दुसरी चांगली जागा बघू."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मोबाईलवर. सगळ्यांना कळलं तसंच."

आराधना ऑफिसात गेली. मसुदा जितक्या वेळा जतन होईल, तितक्या आवृत्त्या ॲप ठेवून देत असे. त्या तिने एकेक करून उघडल्या. तासाभरात ती एडविनकाकांना घेऊन बाईंच्या खाटेपाशी हजर झाली. कोडं सुटल्याचा आनंद तिला लपवता येत नव्हता.

"पहिली चूक माझी. वाचून झालेला मसुदा कुलूपबंद करायचं मला सुचलं नाही. सोमवारी अकरा चाळीसला कुणीतरी बाईंचं नाव पुसून लिहिलं, 'पायवाट, चार फूट'. बारा मिनिटांनी 'चार फूट' खोडलं. माप घ्यायला कुणी गेलं असतं, तर बिंग फुटलं असतं ना! मंगळवारी प्रसिद्ध झाली ती नुसती 'पायवाट'. चार फूट हे माप एकाही मोबाईलवर गेलेलं नाही, जॉयताई. ते फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक."

बाईंना पाणी पाजणाऱ्या जॉयने पेला खाली आदळला.

"व्हय, मीच!" ती किंचाळली. "माझ्या आईला सहा वर्षांचा संसार मिळाला, हिला चाळीस वर्षांचा. मातीत तरी बाबा आईला एकटीला मिळू देत की!"

ती पायात चपला न घालताच निघून गेली.

आराधनाने तिसऱ्या रविवारची आवृत्ती परत आणली. एडविनकाकांनी या खेपेला शब्दन् शब्द वाचून बटण दाबलं. तिने मोबाईल बाईंपुढे धरला.

"बघा बाई, तुमची जागा."

बाईंनी मोबाईलकडे पाहिलंच नाही. त्या दाराकडे बघत होत्या.

"मी तुला जागा मागितली हुती, आराधना. कुणी केलं त्याचं नाव मागितलं हुतं का?"

"पण बाई, खरं काय ते..."

"चाळीस वर्सं मला पोरगी हुती गं. अजून चार दिस ऱ्हाऊ द्यायची हुतीस."