आजीचा नवा शॉट

ते दार लोटून घे, तनय. गार वारं येतंय. ही गोष्ट संताजीअण्णाची, बसवनगुडीतल्या आपल्या शेजाऱ्याची. माणूस कधी खोटं बोललेला नाही, म्हणून सांगतो.

गेल्या कार्तिकातली अमावास्या. संताजी जेवण आटोपून स्कूटरवर निघाला, इलेक्ट्रॉनिक सिटीपलीकडच्या शूटिंगच्या बंगल्यावरून दिवसभराचं चित्रण आणायला. नेहमीचंच काम. एका कन्नड मालिकेचा तो एडिटर. रोजची मालिका म्हणजे सगळं हातघाईवर. सकाळी संवाद लिहायचे, दुपारी शूट करायचं, रात्रीतून संताजीनं कापून-जोडून भाग तयार करायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी तो घरोघरी दिसायचा. शिलकीत एकही भाग नाही. एक दिवस थांबलं की पडदा कोरा.

त्या मालिकेत अहल्याक्का आजीचं काम करायची. आजारी होती. रजा मागत होती, ती मिळाली नाही. त्याऐवजी मालिकेतल्या आजीलाच अंथरुणाला खिळवलं, म्हणजे हिला निजून काम करता यावं. दिवाळीच्या सुमारास सेटवरच्या त्या पलंगावरच ती गेली. मागे रडायला कुणी नव्हतं. पण बघणाऱ्यांचा आजीवर फार जीव. निर्मितीचं बघणारी सुप्रीता म्हणाली, आजीला मारायचं नाही, जुने शॉट लावून चालवा. डोळे मिटले, मान वळली, बोटं हलली... महिनाभर संताजी तेच करत होता. मेलेल्या बाईला रोज जिवंत करत होता.

त्या रात्री नातीच्या लग्नाला आजीनं होकार द्यायचा होता. जुन्यात तसा शॉट सापडेना. बसवनगुडीच्या एडिटिंगच्या खोलीत एकटाच बसून तो आजचं चित्रण बघू लागला. सेटवरचा पलंग. उशी. घडी घातलेलं पांघरूण. मग पुढचा शॉट...

पलंगावर अहल्याक्का होती.

त्यानं मागं नेलं. पुन्हा लावलं. होती. गाल बसलेले. नातीकडे बघत नव्हती. सरळ कॅमेऱ्यात बघत होती... सरळ त्याच्याकडे. मान हलली. ओठ हलले. आवाज नव्हता. पण शब्द ओळखू आला.

साकु. म्हणजे पुरे.

त्यानं सुप्रीताला बोलावून घेतलं. तिनं बघितलं. ओढणी गच्च लपेटून घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "मान हलतेय ना, अण्णा? ओठ हलतात तेवढं कापा. भाग जायला हवा."

आणि संताजीनं कापलं.

त्यानंतर रोज एक नवा शॉट यायचा. शूटिंगवाले शपथेवर सांगायचे, पलंग रिकामाच होता. दर रात्री ती अधिक वाळलेली. दर रात्री तोच शब्द. तो कापायचा. पुढं पुढं तर सुप्रीता आधीच विचारून घ्यायची, आजच्या शॉटमध्ये आजी काय काय करते म्हणून. त्यावरून दुसऱ्या दिवशीचे संवाद लिहिले जायचे.

शेवटी संताजीच्यानं राहवेना. एका रात्री त्यानं तिच्या मिटलेल्या डोळ्यांचा शॉट लावला. वर नातीचं रडणं. तोंडावरून ओढलेली चादर. आजीला मोकळं केलं आणि भाग पाठवून दिला.

भाग तसाच परत आला. सुप्रीता दुसऱ्या एडिटरला घेऊन आली. संताजीच्या देखत त्या मुलानं ते डोळे पुन्हा उघडले.

संताजीनं काम सोडलं. तो आता कुणाशी फारसं बोलत नाही. संध्याकाळी शेजारी टीव्ही लागला की उठून आत जातो, दार लावून घेतो. मालिका चालूच आहे. आजी अजून पलंगावर आहे. तुझी आईही बघते.

त्याचा तो कॉम्प्युटर मात्र नव्या मुलानं वापरला नाही. वायर काढून, भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. मी जाऊन बघून आलो. वळवला. काळ्या काचेवर वाफ धरलेली... तोंडाएवढी. मी बोटानं पुसली.

पुसली जाईना.

आतल्या बाजूनं होती.